दक्षिण अमेरिकेतला फुटबॉलपटू भारतीय क्लबमध्ये आणायचा तर: शोधापासून पहिल्या सामन्यापर्यंत

आयएसएल (इंडियन सुपर लीग) किंवा तिच्या खालच्या लीगमधल्या क्लबला ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वेचा खेळाडू हवा असला की सगळे आधी व्हिडिओ बघायला बसतात. आमचं सांगणं वेगळं आहे. आधी कॅलेंडर काढा. आपली ट्रान्सफर विंडो, म्हणजे नव्या खेळाडूंची नोंदणी करता येते तो काळ, कोणत्या दिवशी बंद होते ती तारीख भिंतीवर लिहा आणि तिथून उलट मोजत या. चांगला डावखुरा विंगर महिन्याभरात सापडतो. पण तो मोकळा, म्हणजे करारमुक्त, नसतो, त्याचा व्हिसा अडकतो, जुन्या कराराचा शेवटचा कागद मिळत नाही, आणि हंगामाचे पहिले सहा सामने तो गॅलरीत बसून बघतो. अशा भरतीतला पैसा बहुतेक वेळा इथेच वाया जातो.

कॅलेंडर

आपला हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो. ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वेचा हंगाम कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी ते नोव्हेंबर-डिसेंबर असा असतो. त्यामुळे आपली उन्हाळी विंडो उघडते तेव्हा तिकडचे खेळाडू ऐन हंगामात असतात. जानेवारीच्या विंडोत मात्र त्यांचे करार नुकतेच, बहुधा ३१ डिसेंबरला, संपलेले असतात.

मग ऑगस्टमध्ये मोकळं कोण असतं? ब्राझीलची रचना समजून घेतली की याचं उत्तर मिळतं. तिथे वर्षाची सुरुवात राज्य पातळीवरच्या स्पर्धांनी होते. मोठ्या क्लबांना पुढे राष्ट्रीय लीग असते, पण शेकडो छोट्या क्लबांचं वर्ष राज्य स्पर्धा संपली की जवळपास संपतं. त्यांचे करार तीन-चार महिन्यांचेच असतात. ब्राझीलच्या कायद्यानुसार व्यावसायिक करार किमान तीन महिन्यांचा लागतो, आणि अनेक छोटे क्लब तेवढाच करतात. म्हणून मार्च-एप्रिलनंतर पहिला लोंढा बाजारात येतो. सेरी डी, म्हणजे चौथ्या स्तरातून, गटसाखळीतच बाद झालेल्या क्लबांचे खेळाडू हा दुसरा लोंढा. छोट्या बजेटच्या क्लबने या दोन लोंढ्यांवर नजर ठेवावी. पहिल्या विभागातल्या खेळाडूच्या मागे ऑगस्टमध्ये धावू नये.

इथे एक सापळा आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो. ज्याने जानेवारीत एका क्लबकडून राज्य स्पर्धा आणि एप्रिलपासून दुसऱ्याकडून सेरी डी खेळली, त्याचे दोन क्लब आधीच झालेले असतात. हंगाम एकमेकांवर चढणाऱ्या देशांमध्ये बदली होत असेल तर तिसऱ्या क्लबसाठी सवलत आहे. ती गृहीत धरू नका. करारावर सही होण्याआधी आपल्या फेडरेशनकडून, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून (एआयएफएफ), लेखी खात्री घ्या.

जानेवारीतली भरती कागदांच्या दृष्टीने सोपी आणि शरीराच्या दृष्टीने अवघड. दहा-अकरा महिने खेळून खेळाडू डिसेंबरात सुट्टीवर जातो, आपल्याकडे येतो तेव्हा तीन-चार आठवडे धावलेला नसतो, आणि प्रशिक्षकाला तो पुढच्या रविवारी मैदानात हवा असतो. मांडीमागचा स्नायू अशाच वेळी फाटतो. जानेवारीत आणणार असाल तर डिसेंबरमध्येच त्याला सरावाचा आराखडा आणि जीपीएस घड्याळ पाठवा, आणि आठवड्याला आकडे मागवा.

कोणता खेळाडू बघायचा

भारतातला अनुभव बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नावाजलेला, उतरत्या वयाचा खेळाडू गर्दी आणतो आणि कधी कधी गोलही देतो. ब्राझीलचा एलानो २०१४ च्या पहिल्याच आयएसएलमध्ये चेन्नईयिनकडून सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि उरुग्वेचा डिएगो फोर्लान २०१६ मध्ये ३७ व्या वर्षी मुंबई सिटीकडून खेळला. पण तेव्हा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा होता. आजच्या लांब हंगामात तो हिशेब जमत नाही.

जास्त टिकले ते आधी आशिया-ऑस्ट्रेलियात खेळून आलेले. ब्राझीलचा क्लेटन सिल्वा थायलंडमध्ये बरीच वर्षं गोल करून बंगळुरूत आला, उरुग्वेचा आद्रियान लुना मेलबर्न सिटीकडून केरळ ब्लास्टर्सकडे आला. उष्मा, लांबचे विमानप्रवास, परकं जेवण, घरापासूनचं अंतर यांची परीक्षा त्यांनी आधीच दिलेली होती. म्हणून शोधाची पहिली यादी थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया, बांगलादेश इथे खेळणाऱ्या दक्षिण अमेरिकनांची करा. थेट तिकडून आणायचा खेळाडू दुसऱ्या यादीत ठेवा.

थेट आणायचाच असेल तर त्याचं गाव बघा. फोर्तालेझा, रेसिफे, बेलेंच्या बाजूला वाढलेल्या खेळाडूला गोव्याचा ऑक्टोबर नवा वाटत नाही. पोर्तो अलेग्रे, मोंतेविदेओ किंवा अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडचा खेळाडू ऑगस्टमध्ये ऐन थंडीतून येतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. होझे रामिरेझ बारेटो पोर्तो अलेग्रेचाच आणि मोहन बागानचा दंतकथा बनलेला खेळाडू, तेव्हा हा नियम नव्हे. पण सरावाचं वेळापत्रक आखताना ही माहिती हाताशी हवी.

प्रशिक्षकाची भाषाही मोजा. आयएसएलमध्ये सर्जिओ लोबेरा, अंतोनिओ हबास, मानोलो मार्केझ अशा स्पॅनिश प्रशिक्षकांनी विजेतेपदं मिळवली आहेत. तुमचा प्रशिक्षक स्पॅनिश बोलणारा असेल तर उरुग्वे किंवा अर्जेंटिनाचा मिडफिल्डर पहिल्या दिवसापासून सूचना समजू शकतो. ब्राझिलियनला त्या निम्म्या कळतात.

व्हिडिओबद्दल थोडक्यात: एजंटने पाठवलेली चार मिनिटांची क्लिप बघून काहीही ठरवू नका. वायस्काउटसारख्या सेवेवर त्याचे किमान पाच पूर्ण सामने बघा, त्यातले दोन हरलेले आणि एक बाहेरच्या मैदानावरचा. चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदं तो काय करतो, ७० व्या मिनिटानंतर मागे धावतो का, आणि सहकाऱ्याने चुकीचा पास दिल्यावर हात वर करून उभा राहतो का, हे नोंदवा. आपल्याकडे परदेशी खेळाडूच्या आजूबाजूला त्याच्यापेक्षा कमी सफाईचे पास देणारे खेळाडू असतात, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मागच्या २४ महिन्यांत तो किती मिनिटं खेळला ते महिन्यागणिक मांडा. सलग दोन महिने रिकामे दिसले तर दुखापत, पगाराचा वाद किंवा शिस्तभंग यांपैकी काहीतरी असतं. काय ते थेट विचारा.

परदेशी खेळाडूंची मर्यादा, म्हणजे नोंदणी किती आणि एका वेळी मैदानात किती, दर हंगामाच्या स्पर्धा नियमावलीत बदलू शकते. मागच्या वर्षीच्या आकड्यावर संघ बांधू नका.

एजंट

एकाच खेळाडूसाठी तीन वेगवेगळे लोक व्हॉट्सअॅपवर येणं नेहमीचं आहे. बहुतेकांचा खेळाडूशी थेट संबंध नसतो. संबंध असलेल्याला ओळखणाऱ्याला ते ओळखतात. ऑक्टोबर २०२३ पासून फिफाचा परवाना नसलेल्या व्यक्तीला हे काम करता येत नाही. परवाना क्रमांक मागा, फिफाच्या यादीत स्वतः तपासा, मग खेळाडूच्या सहीचा प्रतिनिधित्व करार मागा. असा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, म्हणून तारखा वाचा. शेवटी खेळाडूशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला, दुभाषा तुमचा घ्या. ब्राझील आणि अर्जेंटिना आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, त्यामुळे आपल्या संध्याकाळी सातला तिथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. ही वेळ दोघांना सोयीची. पगाराचा आकडा खेळाडूला तोंडी सांगा. मधल्या साखळीत आकडे बदलतात, आणि तो इथे आल्यावर ‘मला वेगळंच सांगितलं होतं’ इथून भांडण सुरू होतं.

कमिशन एकरकमी देऊ नका. पगाराच्या हप्त्यांशी जोडा: खेळाडू क्लबमध्ये आहे तोवर कमिशन चालू. एजंट यावर कुरकुरतो, पण जो आपल्या खेळाडूबद्दल खात्रीने बोलतो तो मान्य करतो.

तो खरोखर मोकळा आहे का

ब्राझीलच्या फेडरेशनचं दैनंदिन नोंदणीपत्रक, ज्याला तिथे ‘बिड’ म्हणतात, सर्वांना ऑनलाइन बघता येतं. खेळाडूचं पूर्ण नाव टाकून शेवटचा क्लब आणि कराराच्या नोंदी बघा. पूर्ण नाव म्हणजे पासपोर्टवरचं. टोपणनावाने शोधलंत तर दुसराच निघतो. करार चालू असेल तर त्यातली नुकसानभरपाईची रक्कम विचारा. परदेशी बदलीसाठी तिला कायद्याने वरची मर्यादा नाही, त्यामुळे कागदावर डोळे फिरवणारा आकडा दिसू शकतो. पण हंगाम संपत आलेल्या छोट्या क्लबला उरलेले पगार वाचवायचे असतात आणि बोलणी होतात. अर्जेंटिनात सामूहिक करारानुसार ट्रान्सफर फीचे १५ टक्के खेळाडूचे असतात. ते कोण देणार हे आकडा ठरवतानाच लिहून घ्या.

करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले असतील तर खेळाडूशी थेट पूर्वकरार करता येतो, मात्र बोलणी सुरू करण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं.

दक्षिण अमेरिकेत खेळाडूच्या ‘आर्थिक हक्कां’चे, म्हणजे पुढच्या ट्रान्सफर फीतल्या वाट्याचे, तुकडे गुंतवणूकदारांना विकण्याची जुनी पद्धत होती. फिफाने १ मे २०१५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. तरीही कोणी ‘माझे ३० टक्के’ म्हणत आला तर बोलणी तिथेच थांबवा.

वय २३ च्या आत असेल तर ‘फ्री’ या शब्दावर विसंबू नका. खेळाडू ज्या वर्षी २३ पूर्ण करतो त्या वर्षाअखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय बदलीत प्रशिक्षण भरपाई, म्हणजे त्याला घडवलेल्या क्लबांना द्यायची रक्कम, लागू होऊ शकते, आणि ती तुमच्या क्लबच्या फिफा श्रेणीवर मोजली जाते. नवा क्लब चौथ्या श्रेणीत असेल तर ती द्यावी लागत नाही. आपली श्रेणी टीएमएसमध्ये (फिफाच्या ऑनलाइन बदली प्रणालीत) कोणती नोंदलेली आहे हे अनेक क्लबांच्या व्यवस्थापकांना माहीतच नसतं. ते आजच बघून ठेवा. ट्रान्सफर फी देत असाल तर तिच्यातले ५ टक्के एकता निधी म्हणून, १२ ते २३ या वयात त्याला घडवलेल्या क्लबांमध्ये वाटले जातात. एक लाख डॉलर फी असेल तर पाच हजार डॉलर वजा करून विकणाऱ्या क्लबला ९५ हजार द्यायचे. हे पाच हजार फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत जातात. पूर्ण एक लाख देऊन बसलात तर पाच हजार खिशातून दुसऱ्यांदा भरावे लागतात.

१८ वर्षांखालच्या खेळाडूचा विचारच करू नका. आंतरराष्ट्रीय बदलीला मनाई आहे आणि तिचे अपवाद आपल्या कामाचे नाहीत.

वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी

करार वैद्यकीय तपासणीवर किंवा व्हिसावर अवलंबून ठेवता येत नाही, असं फिफाचं कलम आहे. ‘तपासणीत पास झाला तर करार लागू’ हे वाक्य लिहिलंत तरी वादात ते टिकत नाही. म्हणून तपासणी तिकडेच, साओ पावलो किंवा ब्युनोस आयर्सच्या चांगल्या रुग्णालयात, तुमच्या डॉक्टरने दिलेल्या यादीप्रमाणे आणि सहीच्या आधी करा. यादीत दोन्ही गुडघ्यांचा आणि घोट्यांचा एमआरआय, जुनी दुखापत असेल त्या जागेचा वेगळा, ईसीजी, इकोकार्डिओग्राम, ताणचाचणी आणि रक्ततपासण्या हव्यात. छापील अहवालावर भागवू नका. एमआरआयच्या मूळ फाइल मागवा आणि आपल्या तज्ज्ञाला दाखवा. ‘किरकोळ बदल’ या शब्दांत दोन डॉक्टरांचा अर्थ वेगळा असतो.

हृदयाच्या तपासणीत तडजोड नको. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. भारतात परदेशी खेळाडू आणणाऱ्या प्रत्येक क्लबने ही घटना लक्षात ठेवावी. सराव मैदानावरसुद्धा डिफिब्रिलेटर (विजेच्या झटक्याने हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र) आणि तो वापरता येणारा माणूस हवा. फक्त सामन्याच्या दिवशी रुग्णवाहिका उभी करून भागत नाही.

करारात काय हवं

इंग्रजी मजकुराशेजारी पोर्तुगीज किंवा स्पॅनिश मजकूर छापा, प्रत्येक पानावर सह्या घ्या. पगाराचं चलन, तो कोणत्या तारखेला जमा होणार, आणि कर कापण्याआधीचा आकडा की हातात पडणारा, हे तीन मुद्दे एकाच कलमात स्वच्छ लिहा. दक्षिण अमेरिकन खेळाडू आकडा सांगतो तो जवळजवळ नेहमी हातात पडणारा असतो. अनिवासी परदेशी खेळाडूच्या खेळातून मिळालेल्या उत्पन्नावर भारतात २० टक्के दराने, वर अधिभार आणि उपकर धरून, कर लागतो. तो एका आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर निवासी ठरतो आणि नेहमीचे दर लागू होतात. म्हणजे येण्याची तारीख पंधरा दिवस इकडेतिकडे झाली तरी क्लबचा खर्च बदलतो. सनदी लेखापालाला सहीच्या आधी बसवा आणि पॅनचा अर्ज लगेच करा.

राहण्याची सोय कोणत्या प्रकारची, परतीची विमान तिकिटं किती आणि कोणाकोणाची, गोलचा बोनस कोणत्या स्पर्धांत, हे सगळं आकड्यांत लिहा. ‘योग्य निवास’ असं लिहिलंत तर वाद ठरलेला.

हंगाम लांबला किंवा थांबला तर काय, याचं कलम आता टाळता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार नव्याने न झाल्यामुळे आयएसएलचा पुढचा हंगामच अधांतरी राहिला आणि क्लबांना परदेशी खेळाडूंच्या करारांचं काय करायचं हे एकेकाशी बोलून ठरवावं लागलं. सुरुवातीची तारीख पुढे गेली तर पगार कधीपासून सुरू, किती दिवसांनंतर दोघांना करार सोडता येईल आणि किती भरपाईवर, हे आधीच ठरवा.

आणि पगार वेळेवर द्या. दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देतो, आणि तीही गेली की योग्य कारणाने करार मोडून फिफाकडे उरलेल्या कराराची भरपाई मागू शकतो. निकालाचे पैसे भरले नाहीत तर सलग तीन विंडोंपर्यंत नवी नोंदणी बंद होऊ शकते. पुन्हा ब्राझीलच्या एजंटांमध्ये बातमी लगेच पसरते आणि पुढचा खेळाडू सहा महिन्यांचा पगार आगाऊ मागतो.

टीएमएस, प्रमाणपत्र, व्हिसा

फिफाच्या ट्रान्सफर मॅचिंग सिस्टीममध्ये, म्हणजे टीएमएसमध्ये, क्लबने नोंद टाकायची: सह्या झालेला करार, पासपोर्ट, मागचा करार कधी संपला याचा पुरावा, आणि तिसऱ्या पक्षाचे हक्क नाहीत याचं खेळाडूच्या सहीचं निवेदन. सगळ्यात जास्त अडतो तो मागचा करार संपल्याचा पुरावा. छोटा क्लब सुट्टीवर जातो आणि ऑफिसात फोन उचलणारा कोणी नसतो. हा कागद एजंटकडून बोलणीच्या पहिल्याच आठवड्यात मागा. मग आपलं फेडरेशन तिकडच्या फेडरेशनकडे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र मागतं. ही मागणी विंडोच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेलीच पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीपासूनच्या अंतरिम नियमांनुसार तिकडून ७२ तासांत उत्तर यायला हवं. त्यानंतर एआयएफएफच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडू चढतो.

विंडो बंद होण्याआधीच ज्याचा करार संपलेला आहे अशा बेरोजगार खेळाडूची नोंदणी विंडोनंतरही होऊ शकते. दुखापतग्रस्त स्ट्रायकरच्या जागी कोणी हवा असेल तर हा मार्ग उपयोगी, फक्त लीगची संघयादी त्या तारखेला उघडी आहे का ते बघा.

व्हिसा हवा तो एम्प्लॉयमेंट प्रकारचा. पर्यटन व्हिसावर ‘ट्रायल’साठी बोलावून नंतर बदलू, हा बेत सोडा. व्हिसा मायदेशातून किंवा जिथे तो कायम राहतो तिथूनच घ्यावा लागतो. यासाठीची पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला १६.२५ लाख रुपयांची आहे. कमी पगारावर खेळाडू आणणाऱ्या क्लबने हे आधी तपासावं. ब्राझीलमध्ये ब्राझिलिया आणि साओ पावलो इथे आपली कार्यालयं आहेत, तर उरुग्वेच्या खेळाडूचं काम ब्युनोस आयर्सच्या दूतावासाकडे जातं, म्हणजे पासपोर्टच्या येण्याजाण्याचे दिवस वाढतात. व्हिसासाठी चार आठवडे धरा. अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून केलेलं सरकारी प्रमाणीकरण) लागणारे कागद त्याआधीच्या आठवड्यात करून घ्या.

पिवळ्या तापाची लस विसरणारे क्लब दरवर्षी सापडतात. ब्राझील, कोलंबिया, पेरू, पॅराग्वे अशा देशांतून येणाऱ्याकडे लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं, लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ते वैध होतं आणि आयुष्यभर चालतं. नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. अर्जेंटिनाच्या ईशान्येकडचा भागही यात येतो, आणि आदिस अबाबामार्गे तिकीट काढलं तर इथिओपियाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. सोपा उपाय: देश कोणताही असो, सगळ्यांनाच लस घ्यायला लावा, व्हिसाचा अर्ज भरतात त्याच दिवशी.

आल्यावर राहत्या जागेच्या मालकाने २४ तासांत परदेशी रहिवाशाची ऑनलाइन माहिती द्यायची असते, आणि व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची. ही जबाबदारी एका ठरावीक माणसाच्या नावावर ठेवा.

पहिले सहा आठवडे

साडेआठ तासांचा फरक शरीराला भरून काढायला आठवडा लागतो, उष्म्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस. पहिला आठवडा सकाळी लवकरचे हलके सराव, दुसऱ्यात संध्याकाळचे पूर्ण सराव, तिसऱ्यात अर्धा सामना. सरावाआधी आणि नंतर वजन करा. दोन टक्क्यांहून जास्त घट झाली तर पाणी आणि क्षार कमी पडत आहेत.

घर खेळाडू येण्याआधी तयार हवं: चालू वायफाय, गॅस, वॉशिंग मशीन. गोव्यात ब्राझिलियन लवकर रुळतो, पाव, डुकराचं मांस, अगदी फेजोआदा (घेवडा आणि मांसाचा पदार्थ) सुद्धा तिथे घरची वाटते, आणि रविवारी चर्च पायी जाण्याच्या अंतरावर. मुंबई-पुण्यात अर्जेंटिनाच्या खेळाडूला आधी सांगा की महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, म्हशीचं मांस मिळतं. अर्जेंटिना-उरुग्वेचा खेळाडू यर्बा माते, म्हणजे तिकडे चहासारखी पितात ती पानांची पूड, आणणारच. सुटी पूड न आणता छापील, सीलबंद पाकिटं आणायला सांगा, कस्टममध्ये प्रश्न कमी येतात.

बायको-मुलं येणार असतील तर त्यांचे व्हिसा, शाळा आणि बालरोगतज्ज्ञ क्लबने बघायचे. चांगला खेळणारा परदेशी डिसेंबरात ‘घरी जायचंय’ म्हणतो तेव्हा कारण बहुतेक वेळा घरातलं असतं. शक्य असेल तर एका भाषेचे दोन खेळाडू घ्या, एक जुना, एक नवा.

हंगाम संपल्यावर शेवटचा पगार, कर कापल्याचं प्रमाणपत्र आणि मोकळं केल्याचं पत्र त्याच आठवड्यात द्या. पुढच्या क्लबच्या टीएमएस नोंदीत त्याला हाच कागद लागणार असतो. आणि पुढच्या वर्षी तो हवा असेल तर बोलणी करार संपायच्या तीन महिने आधी सुरू करा, कारण थायलंड आणि इंडोनेशियाचे क्लबही त्याच यादीतून खेळाडू निवडतात.